दोन पूर्णांक सहा

दोन पूर्णांक सहा. टॅबलेटवरचा सरासरी गुणांचा आकडा लाल झाला आणि अस्मिताने मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली. मोठ्याने हासडायची सोय नव्हती. निरीक्षकाने बालवाडीत तीन तास मूग गिळून बसायचं असतं. मुलांशी बोलायचं नाही, हसायचं नाही, हात तर लावायचाच नाही. लावला की निरीक्षण रद्द.

आकडा तीनच्या खाली गेला की बालवाडी बंद, असा बालवाड्या चालवणाऱ्या संस्थेने यंदापासून नियमच करून टाकला होता. दिंडोशीच्या चढावर बुद्धविहाराच्या खोलीत भरणारी ही बालवाडी बंद झाली की तिची बावीस मुलं खाली, मोठ्या रस्त्यापलीकडच्या केंद्रात जाणार. कागदावर जाणार हो! यांच्या आया सकाळी सातलाच टॉवरमधल्या घरांत भांडी घासायला बाहेर पडतात. डंपरच्या रांगेतून तीन वर्षांच्या पोराला रस्ता ओलांडून कोण देणार? पोरं घरीच बसणार, हे शेंबडं पोरही सांगेल.

फॉर्मला त्याचं काय! नळ आहे का? नाही. पिंप होतं आणि त्यावर तांब्या. एक पोर पाणी ओतायचं, दुसरं हात धुवायचं, मग ओतणाऱ्याची पाळी. ओतणाऱ्याला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता. लहान खुर्च्या आहेत का? नाही, सतरंजी. मुलांची चित्रं भिंतीवर आहेत का? विहाराच्या भिंतीवर काही चिकटवायचं नाही, असं कमिटीने बजावलेलं. म्हणून चित्रं दोरीवर, कपड्यांच्या चिमट्यांनी लावलेली, आणि दोरी इतकी खाली की आत येताना अस्मिताला वाकावं लागलं होतं. भिंत कोरी, म्हणून गुण एक. अर्थ लावायचा नाही, दिसेल तेच लिहायचं, हे प्रशिक्षणात दहा वेळा घोकून घेतलेलं.

बालवाडीच्या रत्नप्रभाताईंनी सकाळी निरीक्षणाचं घड्याळ लावायच्या आधीच तोंडावर सांगून टाकलं होतं.

"सुपरवायझरबाई म्हणाल्या, आजच्यापुरत्या नर्सरीतून खुर्च्या मागून आणा. मी नाही आणल्या. उद्या ते न्यायला येणार, मग पोरं मला विचारणार, आमच्या खुर्च्या कुठे गेल्या? तुमच्या गुणांसाठी मी पोरांशी खोटं वागू काय मॅडम? जे दिसतं ते लिहा."

बस्स. विनवणी नाही, बिस्किटांची बशी नाही. बाई वर्गाकडे वळल्या त्या वळल्याच. तीन तासांत त्यांनी एकदाही टॅबलेटकडे पाहिलं नाही.

पाहत होती ती सई. चार वर्षांची, दोन शेंड्या, हातात नारळाची करवंटी. करवंटीत चहा, अर्थातच खोटा. सकाळपासून तीनदा तिने तो अस्मितासमोर धरला होता. "घ्या ना." अस्मिताने तिन्ही वेळा मान खाली घातली. तिसऱ्यांदा ताईच मध्ये पडल्या, "सई, त्या कामात आहेत गं. नंतर पितील."

"थंड होईल ना," सई म्हणाली आणि चहा 'गरम करायला' घेऊन गेली.

आता पंधरा मिनिटं उरली होती. जवळपास प्रत्येक रकान्यात अर्धा-अर्धा गुण सरकवला असता तर आकडा तीनवर आला असता. पण आठ वर्षांत अस्मिताने कुणालाही फुकटचा अर्धा गुण दिला नव्हता. एसीवाल्या नर्सरींना नाही, मग इथे तरी का द्यावा? शिवाय ताईंना तो नकोच होता. हिशोबात कुठे चूक नव्हती. तरीही आपण लिहिलेला आकडा या खोलीचा नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि त्याचाच तिला संताप आला. तीन तास इथे बसून हेच लिहायचं असेल तर आपण डोळे घेऊन आलो कशाला?

सई चौथ्यांदा आली.

अस्मिताने टॅबलेट सतरंजीवर पालथा ठेवला. दोन्ही हातांनी करवंटी घेतली, तोंडाला लावली आणि साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असा फुर्रकन आवाज केला.

"साखर कमी आहे गं."

सई आधी डोळे फाडून बघत राहिली, मग जी हसत सुटली ती थांबेचना. अस्मिताने तिला सरळ उचलून मांडीवर घेतलं.

रत्नप्रभाताई धावत आल्या. "अहो मॅडम, तुमचा नियम!"

"मोडला," अस्मिता म्हणाली. "रद्द झालं की पुढचं निरीक्षण जूननंतर. तोवर तुम्ही नळाचं आणि खुर्च्यांचं बघा. मागून आणलेल्या नाही, हक्काच्या."

पायऱ्या उतरायच्या आधीच तिने स्वतः 'रद्द'चं बटण दाबलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, मुलाला उचललं. पाच मिनिटांत फोन आला. देवव्रत, संस्थेत निरीक्षकांचं काम बघणारा. माणूस वाईट नव्हता.

"अस्मिता, काय केलंस यार? तुझं कॉन्ट्रॅक्ट पुढच्या महिन्यात संपतंय. मुद्दाम रद्द केलंस अशी नोंद गेली तर तुझं नाव यादीतून जाईल. माझ्या हातात काही राहणार नाही."

"माहितीये."

"मग ऐक ना. मूल रडत असेल, पडलं-बिडलं असेल, तर उचलायची मुभा आहे. निरीक्षण बाद होत नाही. तुझा आकडा धरला जातो आणि तुझ्यावरही काही येत नाही. तू फक्त हो म्हण, बाकीचं मी लिहितो. रडत होतं ना ते मूल?"

एका 'हो'वर तिची नोकरी वाचत होती आणि बालवाडी जात होती.

"नाही," अस्मिता म्हणाली. "खदाखदा हसत होतं. तसंच लिही."