दूध बंद

"खिडकी उघडू नकोस. दार तर नाहीच," देवकुळे बजावायचा आणि सुगंधा मान हलवायची. कोसळलेल्या पुलाच्या खांबांत सिमेंटऐवजी राख भरली जाताना तिनं पाहिलं होतं. कोर्टात तसं सांगायला आता ती एकटीच उरली होती. तिच्याशी त्याची ओळखदेखील नव्हती. वकिलानं सोपवली, म्हणून त्यानं तिला स्वतःच्याच फ्लॅटमध्ये लपवलं.

खासगी गुप्तहेर म्हणून त्यानं कित्येक माणसं दूधवाल्याला विचारूनच शोधली होती. त्यामुळे सगळ्यात आधी त्यानं स्वतःचं दूध बंद केलं.

साक्षीच्या सकाळी तो नाक्यावरून रिक्षा घेऊन परतला, तर दार सताड उघडं. ओट्यावर अर्धा कप कोरा चहा अजून वाफाळत होता.

जिन्यात दूधवाला भेटला.

"साहेब, काल एकानं विचारलं, तुमच्याकडे कुणी पाहुणं आलंय का. मी म्हटलं, पाहुणे कसले, दूधच बंद आहे. पण साहेब बाहेर असले तरी कुकरच्या शिट्ट्या होतात."

"तू सांगितलंस?"

"तुम्ही विचारता तसंच विचारलं त्यानं. मला तुमचाच माणूस वाटला."

देवकुळे पायरीवर बसला.

"मग उद्यापासून पुन्हा अर्धा लिटर टाकू ना?"