घागरीला हात

लेक नाही, नात नाही. मग गावच्या पोरींना कॉलेजची मदत मिळवून देण्यात म्हाताऱ्या सरजाबाईचा काय फायदा, हा हिशेब सरपंच किशनरावांना काही जुळेना.

"अक्का, तुमाला ह्यात काय मिळणार हाय?"

"पोरी रोज आडावर भरली घागर माज्या डोक्यावर चढवतेत. मला लई मिळालं."

लातूर जिल्हा नवा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच होता. सरजाबाई दर सोमवारी गावातून अहमदपूरला यायची आणि तिथून एसटीनं लातूरची कलेक्टर कचेरी गाठायची. "फी माफ केली सायब, पण पोरी शहरात काय फी खाऊन ऱ्हातेत?" साहेब आधी हसले, मग कंटाळले, आणि शेवटी वसतिगृहाच्या जेवणाचा खर्चही मदतीत धरला गेला. कॉलेजच्या वयाच्या सगळ्या पोरी एकाच एसटीनं लातूरला गेल्या. सरजाबाईनं प्रत्येकीवरून हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी बाया दुष्काळी कामावर खडी फोडायला गेल्या होत्या. सरजाबाईनं आडावर घागर भरली आणि हात लावायला कुणी येतंय का, म्हणून उन्हं कलेपर्यंत वाट पाहिली.


मग अर्धी घागर परत आडात ओतली आणि उरलेली कडेवर घेऊन ती घरी निघाली.