आधी मीटर पारखायचा

गुलाबांच्या खताच्या टाकीत दिगंबरअप्पा ईसी मीटर बुडवणार, तोच लेकीचा, केतकीचा फोन आला. अप्पांचा ईसी म्हणजे पाण्यातल्या क्षारांचं मोजमाप. विमान कंपनीत असलेल्या केतकीचा ईसी म्हणजे जाळलेल्या इंधनावरून विमानांच्या धुराचा हिशेब मागणारा युरोपीय आयोग.

"अप्पा, कंपनीचा धुराचा अहवाल मी अडवला. साहेब भडकलेत. नोकरी जाईल बहुतेक."

"का अडवलास?"

"इंधनाचे मीटर कुणी तपासलेच नव्हते. त्या आकड्यांवर सही कशी करू?"

अप्पांचा ऊर भरून आला. लहानपणी ती मीटर थेट टाकीत बुडवायची, तेव्हा ते वहीतला आकडा खोडायला लावायचे. बाटलीतल्या, ईसी ठाऊक असलेल्या पाण्यात मीटर आधी पारखायचा, मगच टाकीत.

"गेली नोकरी तर घरी ये," ते म्हणाले. "तुझा आकडा मी न पारखता लिहीन."