ओल्या फरशीवरचे ठसे

सोमवार.

फ्रान्सिस्कन भिक्षूंनी वाटेला लागताना अनवाणी आणि जोडीनंच निघावं, असा त्यांच्या संघाचा नियम. बाबाही त्याच संघातले; पोप झाल्यापासून मात्र ते एकटेच चालत, आणि तेही अनवाणी नाही, लाल जोडे घालून.

त्यांची सेवा करणारा ब्रदर रानिएरी सकाळी फरशी पुसत होता. बाबा ओल्यावरूनच प्रार्थनेला गेले. मागे जोड्यांचे ठसे उमटले, आणि त्यांच्या शेजारी अनवाणी पावलांचे. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

बाबांच्या जुन्या जोडीदाराची, जेंतिलेची, करंगळी बर्फात झडली होती. त्याला पुरून वीस वर्षं झाली होती.

"बाबा, तुमच्याबरोबर कोण होतं?"

"फरशी तू पुसतोस आणि मलाच विचारतोस होय?" बाबा हसले.

बुधवार.

बाबांना ताप चढला. वैद्य म्हणाले, "ईस्टरपर्यंत टिकले, तर वाचले."

रानिएरीनं फरशी पुसणंच बंद केलं. ओल नाही, तर ठसे नाहीत.

शुक्रवार.

"आळशी झालास की रे! किती धूळ ही," बाबा पलंगावरून म्हणाले. "पूस."

"ईस्टरनंतर पुसतो, बाबा."

"ही आज्ञा आहे."

आज्ञा पाळायची शपथ त्यानं घेतली होती. गुडघे टेकून त्यानं दारापर्यंत फरशी पुसली आणि वळून पाहिलं.

पलंगापासून दारापर्यंत, शेजारी शेजारी, दोन माणसांची अनवाणी पावलं उमटली होती. लाल जोडे पलंगाखालीच होते.

बाबा उशीला टेकून शांत बसले होते.

"रानिएरी," त्यांनी विचारलं, "मी निघालो का रे?"