मामंजींच्या पाठीत

"डाव्या हातानं वाढायला मी काय मेलोय?" काकासाहेब पुटपुटले. पुटपुटले म्हणजे त्यांच्या मानानं. दाराआड उभ्या असलेल्या कौसल्येला शब्द न् शब्द ऐकू आला.

दुर्गाबाईंनी डाव्या हातानंच पळी रश्शात बुडवली आणि नवऱ्याच्या ताटात मटण वाढलं. उजवा हात गळ्यातल्या झोळीत होता. परवा न्हाणीत पाय घसरला, असं काकासाहेबांनी सांगितलं होतं. मग त्यांच्या धाकट्या भावानं, तातेरावांनी, तेच सांगितलं. मग मुलगा मच्छिंद्रही तेच म्हणाला. दुर्गाबाई स्वतः काहीच म्हणाल्या नाहीत, पण त्यांना विचारलं तरी कुणी होतं?

हाताला बांबूच्या कामट्या लावून झोळी बांधली ती कौसल्येनं. मच्छिंद्रची बायको, जालन्याची, लग्नाला अजून वर्ष व्हायचं होतं. एकाहत्तरच्या लढाईत तिच्या शाळेत मुलींना प्रथमोपचार शिकवले होते. विमानं काही जालन्यापर्यंत आली नाहीत. मुलींनी एकमेकींचे धडधाकट पाय बांधले, सोडले, आणि पुढं लग्नं करून मोकळ्या झाल्या. झोळी बांधताना सासूच्या मनगटावर कौसल्येला बोटांचे वळ दिसले. न्हाणीला बोटं नसतात, एवढं कळायला शाळा लागत नाही. पण नव्या सुनेनं घरातलं काय पाहावं आणि काय पाहू नये, याचंही एक शिक्षण असतं. ते तिला आईनं दिलं होतं.

"वरून मटन बी चिवट," काकासाहेब घासासकट बोलले. "याला बकरं म्हणत्यात? हे तं जोड्याचं..."

वाक्य तिथंच थांबलं. जन्मात पहिल्यांदाच त्यांचं वाक्य कुणी तोडलं होतं, तेही बकऱ्यानं.

"ठसका लागला," तातेराव म्हणाले. "वर बघा दादा, वर बघा. कुणीतरी आठवण काढून राह्यलं."

काकासाहेबांनी वर पाहिलं. वर पत्रे होते. पंगतीत मात्र आठवण कोण काढत असेल, यावर खल सुरू झाला.

"अंबडची आत्या आसंल," मच्छिंद्र म्हणाला.

"आत्या कशाला काढंल? मेव्हणे आसतील. बैल पाहिजे त्यांना."

तोवर काकासाहेबांचे ओठ जांभळे पडले. दोन्ही हात गळ्याशी गेले. तोंड उघडं, डोळे बाहेर, आणि आवाज नाही.

कौसल्येच्या कानाला नेमकं तेच लागलं. जो खोकतो त्याला खोकू द्यायचं; ज्याचा आवाजच बंद, त्याच्यासाठी थांबायचं नाही. पुढं वाकवायचं आणि दोन फऱ्यांच्या मधोमध तळहाताच्या मुळानं रट्टा द्यायचा. शाळेत हे सोपं होतं. इथं फऱ्यांच्या मधोमध म्हणजे सासऱ्याच्या पाठीत. ज्या सासऱ्यापुढं तिनं अजून मान वर केली नव्हती, ज्याचे जोडे दारात दिसले तरी ती मागच्या दारानं जायची, त्याच्या.

ती उंबरा ओलांडून पंगतीत शिरली. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला. काकासाहेबांना तिनं ताटावर वाकवलं आणि दिला ठेवून. मग आणखी एक. मग आणखी. समोर दुर्गाबाई उभ्या होत्या, हात झोळीत, आणि कौसल्या त्यांच्याकडं बघत होती. थांबायचं केव्हा, हेही शाळेतल्या बाईंनी शिकवलं होतं. ते नेमकं त्या वेळी आठवलं नाही.

"मेलो! मेलो!" काकासाहेब ओरडले, तेव्हा ते जगल्याचं सगळ्यांना कळलं.

घोटभर पाण्यानंतर आवाज पुरता परत आला. "सुनेनं हात उचलला! माझ्यावर! मच्छिंद्रा, गाडी जुप. हिला जालन्याला सोड. परत आणायची न्हाई."

मच्छिंद्रनं बायकोकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं, आणि मग बराच वेळ ताटाकडं. "आबा, पण जीव..."

"जीव वाचला, बराबर हाये," तातेराव म्हणाले. "पण सूनबाई, येवढे? एखाद्यानं भागलं नसतं का?"

कौसल्येचा तळहात लालबुंद झाला होता. टाकलेली पोर म्हणून माहेरच्या ओट्यावर उतरणं कसं असतं, ते तिनं शेजारच्या घरी पाहिलं होतं.

"मामंजी, तुकडा पडेस्तोवर मारावंच लागतं," ती म्हणाली.

"मंग कव्हा पडला? पाह्यलास का तू?"

कौसल्येनं ताटाकडं पाहिलं. तिनं पाहिलाच नव्हता. रश्शात मागून काय पडलं आणि आधीपासून काय होतं, कोण सांगणार?

"जुप गाडी," काकासाहेब म्हणाले. मच्छिंद्र उठला.

दुर्गाबाईंनी पळी खाली ठेवली.

"भाऊजी," त्या तातेरावांना म्हणाल्या, कारण चारचौघांत नवऱ्याशी बोलायची त्या घरात रीत नव्हती. "तुकडा पहिल्याच रट्ट्याला ताटात पडल्ता. म्या पाह्यला."

कौसल्येनं डोळे मिटले.

"आन् मी न्हाणीत पडले न्हाई. हा हात यांनी मोडला. पुढचे समदे रट्टे माझे व्हते, भाऊजी. तिनं निस्ते पोचते केले."