हातभर दोर

डोंगर उतरायच्या सरावासाठी ताई घराच्या निम्म्या भिंतीवर लोंबकळत होती आणि वर गच्चीवर तिची भावजय पाय रोवून हळूहळू दोर सोडत होती, तेवढ्यात जिन्याचं दार धाडकन उघडलं. भावजयीचा नवरा, म्हणजे ताईचा धाकटा भाऊ, चार मजले धावत आला होता. शर्टावर चहा सांडलेला, तोंडचं पाणी पळालेलं.

"थांबव. खाली सोडू नकोस तिला."

बायकोनं दोर अडवला. खालून ताई काय झालं म्हणून विचारत होती, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं. तो गुडघ्यांवर बसला आणि गच्चीवर पडलेल्या दोराच्या वेटोळ्यांत हात घालून चाचपायला लागला. एका जागी बोटं थांबली. हातभर दोर त्यानं मुठीत घट्ट धरला.

वरवर बघाल तर काही नव्हतं. जरा पांढरट झालेला, इतकंच. पण खाली त्याचं बॅटऱ्या दुरुस्तीचं दुकान होतं, आणि ॲसिडनं भोकं पडलेले त्याचे शर्ट हीच बाई धूत होती. तिला वेगळं सांगायची गरज पडली नाही.

आधी तिनं ताईचं बघितलं. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत शिरा, दोर सोडवा, असं ओरडून सांगितलं. दोर सैल पडला तेव्हाच ती नवऱ्याकडे वळली.

हातात दोर अडकवायची लोखंडी कडी होती. तीच मुठीत वळून तिनं त्याच्या नाकावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज दोघांनीही ऐकला. दुसरा तडाखा कानशिलावर बसला आणि तो आडवा झाला. डोंगरासाठी सहा महिने कमावलेलं अंग होतं तिचं. जुन्या बॅटऱ्यांचं वीस किलो शिसं पाठीवर घेऊन रोज हेच चार मजले चढून उतरून. आजवर या घरात हात उचलला तो त्यानंच. मार चुकवायचा कसा, हे बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

बायकोला जिवे मारायचं नव्हतं, असं तो सांगायला लागला. मोजूनमापून ॲसिड लावलं होतं, पहिल्या मजल्याच्या खाली आल्यावरच दोर तुटला असता. बायको शिखरावर आणि आपण घरी स्वयंपाक करत बसलोय, यावरून लोक वर्षभर खिदळले असते, ते तरी टळलं असतं.

"फक्त पाय मोडला असता तुझा," तो रक्त गिळत म्हणाला.

दर रविवारी आधी तीच उतरायची आणि ताई वरून धरायची. आज नव्या बुटांनी तिची टाच सोलली, म्हणून ताई म्हणाली, मी जाते. हे त्याला कुठून कळणार? कप घेऊन गंमत बघायला दुकानाबाहेर उभा राहिला, तर भिंतीवरून बहिणीचा आवाज.

"फक्त पायच ना?" बायको म्हणाली. "मग ताईसाठी एवढे धावत का आलात?"

जिन्यात पावलं वाजली तसे त्यानं हात जोडले. ताईला सांगू नकोस, पाया पडतो तुझ्या.

ताई आली ती कुरकुरतच, कमरेचा पट्टा अजून तसाच. भावाचं तोंड बघून जागीच थबकली.

"दाराला आपटले," भावजय म्हणाली.

गेली तीन वर्षं हे वाक्य ती स्वतःच्या तोंडासाठी वापरत आली होती, आणि दर वेळी ताईनं ते ऐकून घेतलं होतं. आताही ताईनं एकदा दोघांकडे बघितलं आणि काही विचारलं नाही.

डोंगराच्या शिकवणीतला पहिला नियम असा, की जो उतरला त्यानंच दोर तपासायचा. सगळा, टोकापासून टोकापर्यंत, आणि तोही डोळे मिटून. डोळे फसतात, बोटं फसत नाहीत.

ताईनं भिंतीवर लोंबणारा दोर वर ओढून घेतला आणि मांडी घातली. भावजयीनं बाकीची वेटोळी उचलून तिच्या पायाशी आणून ठेवली.

भाऊ नाक दाबून बसून होता. ताईनं डोळे मिटले आणि दोर बोटांतून सोडायला लागली. एक हात. दोन हात. तीन.