संतरामचं पोटदुखणं

“ऊठ म्हणते ना! का फरफटत नेऊ तुला?”

द्वारकानं संतरामला उखळामागून ओढून काढलं. आठ वर्षांचं पोरगं, पण दिवाळीपासून त्यानं घरादाराच्या नाकी नऊ आणले होते. सकाळ झाली की पोटात कळ, पाटी दिसली की ओकारी. थोरली बहीण मंजुळा दिवाळीत सासरी गेली आणि त्याला वठणीवर आणायचं काम द्वारकाच्या गळ्यात पडलं.

माय रोज म्हणायची, “राहू दे, दुखत असंल लेकराचं.” आज मात्र तीच म्हणाली, “आज बसवच त्याला, बाई. मास्तरच्या हवाली कर अन् तू सरळ घरी ये.” वडील उकंडरावांनीही पोराच्या मुठीत गुळाचा खडा दिला. एकदाचं घर आपल्या बाजूनं उभं राहिलं म्हणून द्वारकाला चेव चढला.

बाळापूरच्या वाटेवर संतरामनं दोनदा फतकल मारली. झोंबाझोंबीत तिच्या गळ्यातली लग्नातली काळी पोत त्याच्या मुठीत आली.

“तोडतो का रे, मुडद्या!”

तिनं थोबाडीत दिली. मग मारल्याचाच तिला जास्त राग आला. पदरानं त्याचं नाक पुसलं, तेही रागानंच.

शाळेपुढं पोरं ओरडली, “पोटदुख्या आला रे!”

द्वारकानं ढेकूळ उचललं. “पुन्हा म्हणा. एकेकाचे दात पाडते.”

मग ती थेट मास्तरांच्या अंगावर गेली. “तुमीच हाणता त्याला. सरकारची उर्दू येत न्हाई म्हणून छडी मारता. काहून भेलं हे लेकरू येवढं?”

मास्तर बिचारे चपापले. “देवाशपथ, बोट लावलं न्हाई मी. तो फळ्याकडं बघतच न्हाई. दिवसभर दारातून गावाकडच्या वाटेकडं बघत राहतो.”

द्वारकाचा विश्वास बसला नाही. मास्तर लोक कधी कबूल करतात होय? ती संतरामजवळ भुईवर बसली. त्यानं तिचा पदर घट्ट धरला होता.

“आक्का, शाळा सुटल्यावर तू घरी असशील?”

“न्हाई तर कुठं मसणात जाणार हाय मी?”

“शप्पथ घे.”

“तुझ्या गळ्याची शप्पथ. सोड आता.”

त्यानं पदर सोडला. पोरांच्या सुरात सूर मिसळून तो दोनचा पाढा म्हणू लागला, न रडता. द्वारकाला वाटलं, गड जिंकला. तरी मास्तरांकडं एकदा डोळे वटारूनच ती निघाली.

घरी आली तर अंगणात दमणी गाडी सोडलेली. बैल कडबा खात होते. चुलीवर पुरण शिजत होतं, आणि ओसरीवर घोंगडीवर बसून तिचे सासरे उकंडरावांशी बोलत होते. माय नवं लुगडं घेऊन दारातच उभी होती.

“आज?” द्वारका किंचाळली. “मला कुणी सांगितलं का न्हाई? जुपू नका ती दमणी. संतराम आल्याबिगर मी पाय उचलणार न्हाई!”

मायनं तिच्या हातात लुगडं दिलं आणि डोळे पुसले.

“तो आला की चाकाला मिठी मारंल, बाई. मंजुळीला नेलं तवाबी त्याला शाळेतच धाडलं व्हतं.”